पाठमोरी

माझ्या घरात भिंतीवर बायकोचा फोटो होता, त्यात तिच्या गळ्यात कोल्हापुरी साज होता. तिनं जन्मात कधी साज घातला नव्हता. अंगावर हिरवी काठापदराची साडी होती, तीही तिची नव्हे. खांदे तिचे नव्हेत. तोंड तेवढं तिचं, तेही धुऊन काढल्यासारखं.

ती गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा एक फोटो सापडला नाही. लेकीच्या लग्नातले होते, त्यात ती कुणाच्या तरी पाठीमागं, नाहीतर पंगतीत खाली वाकून वाढताना. बाराव्याला फोटो पाहिजे म्हणून मी तिचं आधार कार्ड घेऊन स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्यानं कार्डावरचं तोंड कापून कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्याच बाईच्या अंगावर बसवलं. म्हणाला, "साज घालू काय काकूस्नी? सगळी घालून घेत्यात."

मी म्हटलं, "घाल."

"त्वांडावरचं डाग बी काढतो."

मी म्हटलं, "काढ." माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं.

बाराव्याला लेक आली. एकच लेक आहे, कळंब्याला दिलीय. हात जोडायला फोटोसमोर वाकली ती तशीच राहिली.

"ही कोण?"

"कोण म्हंजे? तुजी आई."

"आईच्या कपाळावरचं गोंदण कुठाय?"

मी बघितलं. नव्हतं. स्टुडिओवाल्यानं काढलेला डाग म्हणजे ते गोंदण. आणि फोटो घरी आणून, भिंतीला खिळा मारून, हार घालून मला ते दिसलं नव्हतं.

सगळ्या पैपावण्यांच्या देखत लेक म्हणाली, "आबा, चाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लंसा. तिच्याकडं कवा बघितलासा काय? शाळंच्या गेटावर बसून बघायचा पगार घेत हुतासा की. मग घरात बघायला कुणी सांगायला पायजे हुतं?"

ती नुसत्या फोटोवरनं बोलत नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

बायकोला छातीत गाठ झाली होती, उजव्या बाजूला. तिनं ती कुणाला दाखवली नाही. नागपंचमीला लेक माहेराला आली, दारात कासारीण आली, तर उजव्या हातात बांगड्या चढेनात. पदराखाली झाकून ठेवलेला हात सुजून खांबासारखा झालेला. कासारीण म्हणाली, "वैनी, ह्यो हात माझ्याकडं दावायचा न्हवं, दवाखान्यात दावायचा." लेकीनं आईला आत नेऊन झंपर काढायला लावला आणि जी ओरडली ती मी बाहेर कट्ट्यावर ऐकली. डॉक्टर म्हणाले, वर्ष तरी झालं असेल, उशीर केलाय. त्यानंतर चार महिने काढले तिनं. मार्गशीर्षात गेली.

"तुमाला दिसलं न्हाई?" असं लेकीनं मला दवाखान्यातच विचारलं होतं. मी म्हटलं, तिनं सांगितलंच न्हाई. डॉक्टरनं विचारलं, त्यालाही हेच सांगितलं. स्मशानात, दहाव्याला, बाराव्याला, जो विचारील त्याला एकच, तिनं सांगितलंच न्हाई. आणि ते खोटंही नव्हतं.

बाराव्यानंतर लेकीचे फोन कमी झाले. "जेवलासा?" एवढं विचारायची आणि ठेवायची.

माझी शाळा सातवीपर्यंत. त्यानंतर फौंड्री. आधी शिरोलीत, मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. पंचतारांकित म्हणतात खरं, आम्ही तिथं वाळूच खाल्ली. मी मोल्डर, वाळूत साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच भाजून आखडली. फौंड्री सुटल्यावर बावड्यातल्या एका हायस्कुलात गेटवर वॉचमन म्हणून लागलो. घर जवळ, दोन्ही टायमाला घरी जेवायला जायचो. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा ती नोकरी सोडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तसा मी तिकडं गेलो. ड्रॉइंगचे सर फळ्यावर खळीनं कागद चिकटवत होते, ग्रेड परीक्षेचा वर्ग, दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. मी मागं जाऊन उभा राहिलो.

"काय मामा, बऱ्याच दिसांनी?" शाळेत शिपाई, वॉचमन सगळ्यांना मामाच म्हणतात.

"सर, माणसाचं त्वांड काढायला शिकायला किती दीस लागत्यात?"

"कुणाचं त्वांड?"

"बायकोचं."

सर हसले. "मामा, मला इस वर्सं झाली ह्या धंद्यात. माझ्या बायकोचं अजून जमलं न्हाई. काढलं की म्हंती, ही तुमची आई हाय." मग त्यांच्या ध्यानात आलं. हातातला कागद तसाच धरून म्हणाले, "वैनी गेल्या न्हवं का. ऐकलं हुतं मी." कागद चिकटवून म्हणाले, "बसा शनवारी. पाटी-पेन्सिल न्हाई, कागद-पेन्सिल आणा."

माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध. तोवर तिचं तोंड मी माझ्या हातानं काढणार, गोंदणासकट, आणि त्या साजवालीला भिंतीवरनं उतरवणार. लेक विचारणार, आईकडं कधी बघितलंसा काय, तर चित्राकडं बोट करणार. हाताला कसब आहे असा माझा समज होता. ज्या हातानं वाळूत दातेरी चाकाचे दात उठवले, त्याला एक तोंड काय अवघड.

पहिल्या शनिवारी गेलो तर आठवी-नववीची तीसेक पोरं. बाक बुटके, गुडघे पोटाला लागले. माझ्या शेजारी नववीतली एक पोरगी होती, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा. ती म्हणाली, "मामा, उशीर झाला की तुमी आमाला गेटाभायेर उभं करत हुता. आता तुमी उशिरा आलासा तर आमी उभं करणार."

"कर की," मी म्हटलं.

"आणि डबा आणलासा काय?"

"न्हाई."

"मग कसली शाळा ही!"

सरांनी टेबलावर तांब्या ठेवला. पितळी, साधा. म्हणाले, काढा. मी मन लावून काढला. सर फिरत फिरत माझ्याजवळ आले आणि थांबले.

"मामा, तोंड असं चेंडूगत गोल का काढलंय?"

"गोलच हाय की."

"तुमी बसलाय तिथनं गोल दिसतंय?"

"सर, तांब्याचं त्वांड गोलच असतंय. हजार मोल्ड केल्यात मी असलं."

"त्येच म्हंतोय मी. तुमाला म्हाईत हाय ते काढलासा. तिथनं जे दिसतंय ते काढा." त्यांनी माझं डोकं धरून बाकाच्या उंचीला आणलं. "बघा."

बघितलं. तोंड गोल नव्हतं. चपटं होतं, चाफ्याच्या पाकळीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. सत्तरी आली माझी. रोज सकाळी तांब्यानं तोंड धुतोय. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी तांब्या बघितलाच नव्हता.

त्याच आठवड्यात मी घरी तोंडाला हात घातला. आधार कार्ड समोर ठेवलं. कार्डावर ती अशी दिसती की पोलिसानं धरून उभी केलीय. त्यात गोंदण म्हणजे नुसता एक काळा ठिपका, पुसट. तिला किती ठिपके होते, मला आठवेना. तीन? पाच? उभे की आडवे? मी लेकीला फोन लावला.

"आईच्या कपाळावर किती ठिपकं हुतं ग?"

 ती म्हणाली, "चार. तीन खाली आन एक वर. तुमाला ठावं न्हाई?"

"तसं ठावं हाय. खात्री करत हुतो."

"कशाला?"

"असंच."

तिनं फोन ठेवला.

चार ठिपके काढले. डोळे काढले. भुवया जुळलेल्या होत्या की सुट्या, हे पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. नाक कार्डावरनं काढलं. झालं ते जोतिबाच्या डोंगरावर दुकानात मुखवटे टांगलेले असतात तसलं. फाडलं. दुसरं काढलं, ते माझ्या मेलेल्या सासूसारखं दिसायला लागलं. ते पण फाडलं. श्रावण आला तोवर वीसेक तोंडं फाडली असतील. डोळे मिटले की ती दिसायची, पण तोंड म्हणून काही दिसायचं नाही. आवाज यायचा, बांगड्या वाजायच्या, तोंडाच्या जागी नुसता उजेड. लेक म्हणाली होती ते खरं निघालं, असं मला तेव्हा वाटलं. मी तिच्याकडं कधी बघितलंच नाही.

सरांना सांगितलं, "न्हाई जमत. सोडतो वर्ग."

"तोंडाचं खूळ काढा डोक्यातनं," सर म्हणाले. "ह्या परीक्षेला तोंड कुणी मागत न्हाई. पुढच्या शनवारी स्मरणचित्र घेणार हाय, तेवढं करा आन मग जा."

"ते काय असतंय?"

"समोर काय ठेवायचं न्हाई. आठवणीतलं काढायचं. बाजार, पाणवठा, जत्रा, कायबी."

समोर नसलेलं, आठवणीतलं. मला वाटलं, मेलेल्या माणसांसाठीच काढलाय हा पेपर.

त्या शनिवारी सरांनी फळ्यावर विषय लिहिला, स्वयंपाकघर. मग म्हणाले, "ज्यास्नी तोंडं येत न्हाईत त्यांनी माणसं पाठमोरी काढा. अंबाडा, पाठ, पदर. झालं काम." पोरांना हे आधीच ठाऊक. सगळ्यांच्या कागदांवर सगळ्या बायका पाठ करून उभ्या, एकसारख्या, एकच अंबाडा. कुणी फ्रीज काढला, कुणी मिक्सर.

मी पेन्सिल टेकवली आणि हात चालायला लागला. असा कधी चालला नव्हता.

आमच्यात ओटा होता, पण भाकरी तिनं ओट्यावर कधी केली नाही. म्हणायची, उभं राहून केलेली भाकरी पोटाला लागत न्हाई. शेगडी खाली घेऊन, पुढं परात, पाटावर बसायची. मी मागं उंबऱ्याला टेकून जेवायला बसायचो. फौंड्रीत होतो तेव्हाही तिथंच आणि गेटवर होतो तेव्हाही. तव्यावरची भाकरी ती न वळता मागं सरकवायची, बरोबर माझ्या ताटात. चाळीस वर्षं मी तिची पाठच बघितली होती. ती मला आली. मानेवर खाली उतरलेला अंबाडा, त्यात नेहमी एक आकडा बाहेर आलेला. झंपराला पाठीवर ठिगळ, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेलं. पाटाखालनं बाहेर आलेली एक टाच, भेगाळलेली. पाठीच्या मणक्याचा वरचा गोळा. सगळं कागदावर येऊन बसलं. मला रडू आलं नाही, उलट जोर आला. म्हटलं, बघ की लेकी, कोण म्हंतो मी बघितलं नाही.

दोन वेण्यावाली वाकून बघत होती. "मामा, लई भारी," म्हणाली. मग म्हणाली, "काकू डावऱ्या हुत्या व्हय?"

"न्हाई ग. उजव्या हाताची बाई."

"मग भाकरी डाव्या हातानं थापायल्यात की."

मी बघितलं. परातीवर डावा हात पसरलेला. डावं कोपर बाहेर. आणि उजवा हात कोपरात मोडून अंगाला घट्ट चिकटवलेला, कुशीत काहीतरी धरून बसावं तसा.

मागनं एक पोरगं ओरडलं, "मामानं उलटं काढलंय!" वर्ग हसला.

सर आले. मी म्हटलं, "चुकलं सर. आरशागत उलटं झालं."

"आरशात समोरचं माणूस उलटं दिसतंय, मामा. ही पाठमोरी हाय. तुमी तिच्या मागं बसलाय. तिचं डावं ते तुमचं बी डावंच." खोडरबर माझ्यापुढं ठेवलं. "खोडा आन उजव्या हातानं थापायला लावा. दोन मिंटाचं काम हाय."

मी खोडरबर घेतलं. कागदाला लावलं. उजवा हात परातीवर आणायचा म्हणून डोळे मिटले, तर येईना. आयुष्यभर ती उजव्या हातानं भाकरी थापत आली, हे मला माहीत होतं. पण डोळ्यापुढं डावाच येत होता. थप. मग जरा थांबून थप. उजव्या हाताची भाकरी कशी सलग वाजते, थपथपथप. ही तशी वाजत नव्हती. मला आवाजसुद्धा आठवला.

आणि मग पीठ आठवलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर भाकरी बिघडायला लागली होती. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पापड, कड चिरलेली, मध्ये कच्ची. दोन-चार दिवस मी गप खाल्ली. मग एक दिवस ताट सरकवून म्हटलं, "लक्ष कुठं हाय तुजं? म्हशीम्होरं टाकायची भाकरी हाय काय ही?"

ती वळली नाही. म्हणाली, "पिठाला विरी न्हाई, अवो."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. शाळू म्हणजे ज्वारी जुनी असली, नाहीतर गिरणीत पीठ तापलं, की विरी जाते, मग भाकरी थापताना तुटते. हे आमच्यात लहान पोराला ठाऊक असतं. मी तसाच उठलो आणि गिरणीत जाऊन भांडलो. "कुणाचं जुनं पीठ आमच्यात मिसळतोस रं?" गिरणीवाला म्हणाला, "पावणं, माझा दगड चांगला हाय, तुमचा शाळू बघा." मग मी शाळू बदलला. मार्केट यार्डात जाऊन दाणे दाताखाली फोडून बघून नवा शाळू आणला. भाकरी तशीच. मग गिरणी बदलली. मग आणखी एक, साखर कारखान्याच्या अंगाला. डोक्यावर डबा घेऊन मी उन्हातनं हिंडलो. ती म्हणायची, "कशाला एवढं हिंडताय? हाय त्येच्यात करतो की आमी." मला वाटायचं, मी तिच्यासाठी राबतोय. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, हल्ली शाळूत राम राहिला नाही.

दिवाळी ते पंचमी. दोन्ही टायमाला मी तिच्या मागं, दोन हातांवर बसून, तिचा डावा हात भाकरी थापताना बघत होतो.

तिनं सांगितलं नाही, हे खरं. पण मी तिला विचारलंच कुठं? मी गिरणीवाल्याला विचारलं.

सर म्हणाले, "काय झालं मामा? खोडायला येत न्हाई?"

"बराबर हाय ते."

"उजव्या म्हणालासा की."

मी त्यांना सांगितलं. हळू सांगितलं, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. सर खाली बघत उभे राहिले.  मग एकदम मागच्या बाकावरच्या पोरांवर विनाकारण ओरडले, "पाणी सांडतासा काय रंगाचं? पुसा आधी ते!" आणि पुढं फळ्याकडं गेले. खोडरबर न्यायचं विसरले.

पुढचे दोन शनिवार रंगात गेले. आधी कागद ओला करायचा, मग फिका रंग, वाळू द्यायचा, मग गडद. घाई केली की चिखल होतो. साडी वांगी रंगाची, धुऊन धुऊन उडालेली. तो उडालेला रंग बसेना, कारण डबीतला रंग नवा. सर म्हणाले, त्यात थोडा मातकट घाला. घातला, मग बसला. उजवा हात सगळ्यात शेवटी रंगवला. डाव्यापेक्षा जाड. तसा दिसत होता म्हणून तसा.  शेजारची पोरगी, माझं रंगाचं पाणी गढूळ झालं की, तिचं स्वच्छ माझ्याकडं सरकवायची.

स्पर्धा, परीक्षा काही माझ्या वाट्याला नव्हतं. दिवाळीआधी पोरं परीक्षेला बसली आणि मी चित्राची गुंडाळी करून कळंब्याच्या बसमध्ये बसलो. जेलच्या स्टॉपचं तिकीट मागितलं, लेकीचं घर तिथंच. कंडक्टरनं माझ्याकडं, गुंडाळीकडं बघितलं. "काय पावणं, आत कोण हाय? भेटायला चाललाय?"

म्हटलं, "व्हय. लेकीला."

"लेक आत?" तो चपापला.

"ती भायेर हाय," मी म्हटलं. त्यानं तिकीट फाडून हातात दिलं.

लेकीनं चित्र फरशीवर पसरलं. कोपरे उठत होते म्हणून चार बाजूंना चार डबे ठेवले. मी खुर्चीत बसलो. ती उकिडवी बसून बघत राहिली.

"कुणी काढलं?"

"मी."

माझ्याकडं वर बघितलं, परत खाली बघितलं. "पाठ आईचीच हाय," म्हणाली. आकड्यावर बोट ठेवलं. ठिगळावर ठेवलं. मग बोट हातापाशी आलं आणि थांबलं.

"हे कवाचं?"

"दिवाळी ते पंचमी."

"हात डावा हाय."

"व्हय."

"म्हंजे तुमाला दिसत हुतं."

एवढ्यासाठीच मी आलो होतो. बसमध्ये चार वेळा मनात म्हणून बघितलं होतं. 

"दिसत हुतं."

"मग?"

"मी पीठ बदललं."

"काय?"

"ती म्हणाली पिठाला विरी न्हाई. मी शाळू बदलला. मग गिरणी बदलली. तीन गिरण्या झाल्या."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. हसली का रडली मला कळलं नाही, नुसता घशातनं आवाज आला, तोही एकदाच. मग तिनं एकेक डबा उचलून जागच्या जागी ठेवला. चित्राची गुंडाळी केली, दोरा बांधला, दोऱ्याला गाठ मारली, आणि माझ्या हातात दिली.

"मला वाटायचं तुमी खोटं बोलताय," म्हणाली. "मला वाटायचं ठावं असून गप बसलासा. त्येच्यापरास ह्ये वंगाळ हाय, आबा."

मी म्हटलं, "व्हय."

"तो साजवाला फोटू काढा. ह्योच लावा भिंतीवर. आन रोज बघा."

तिनं त्या दिवशी मला चहा विचारला नाही. लेकीच्या घरनं मी पहिल्यांदाच चहाविना उठलो.

वर्षश्राद्धाला मी चित्र काचेत बसवून लावलं. साजवाली उतरवून स्टुडिओच्या पिशवीतच परत घातली, ती ट्रंकेत आहे. जाळायची कशी, तोंड तिचंच आहे.

माझी थोरली बहीण आली, तिनं दारातनंच बघितलं आणि सुरू झाली. "आरं, डोकं फिरलंय काय तुजं? पाठ दावणाऱ्या बाईला निवद दावायचा? लोकं म्हणतील, घरावर रुसून गेली."

"म्हणू देत," मी म्हटलं.

"आन त्वांड कुठाय?"

"त्वांड मला येत न्हाई, आक्का."

ती कपाळाला हात लावून बसली. नैवेद्य मांडला, उदबत्ती लावली, हार घातला. लेक कुंकवाचं ताट घेऊन चित्रापुढं उभी राहिली. बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं आणि अडली. फोटोला कुंकू कपाळावर लावतात. इथं कपाळ नव्हतं, नुसता अंबाडा.

"बघ," आक्का म्हणाली, "मी म्हटलं न्हवं? आता लावणार कुठं?"

लेकीनं बोट पदराला पुसलं. ताट माझ्यापुढं धरलं.

"आबा, तुमी लावा. कुठं दुखत हुतं ते तुमी बघितलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.  मी बोट कुंकवात बुडवलं आणि काचेवर टेकवलं, उजव्या काखेपाशी, जिथं हात अंगाला चिकटवून धरलाय तिथं. लेक बोटाकडं बघत होती, बरोबर जागी लावतोय की नाही ते. लावून झाल्यावर मला वाटलं, आता ती ताट खाली ठेवील. तिनं ठेवलं नाही. तसंच धरून राहिली.

म्हणून मी परत बोट बुडवलं आणि तिच्या भाकरी थापणाऱ्या डाव्या हाताला लावलं.